सात गावांची घंटा

या, असे जवळ या. भिंतीला टेकून बसलेल्यांनीही जरा पुढे सरकावं. गोष्ट मोठ्या आवाजाची आहे, पण सांगायची ती हलक्या आवाजातच. मागच्या प्रकरणात या ओताऱ्यांच्या घरातली माई गेली, तेव्हा तुम्ही आम्ही सगळ्यांनीच डोळे पुसले. आज त्याच घरातली भट्टी पेटलेली दाखवतो. देवाच्या मनात असेल तर उठताना कानात काहीतरी घेऊन जाल, एवढा शब्द देतो.

तर सकाळची वेळ. कारखान्याची दोन्ही दारं सताड उघडी. मधोमध तो खड्डा, ज्यात या घरातली दोन पिढ्यांची पोरं लपाछपी खेळली. आज तो गळ्यापर्यंत माती ठोकून भरलेला, आणि त्या मातीच्या पोटात मोठ्या घंटेचा साचा उपडा पुरून ठेवलेला. वर दिसत होतं ते फक्त धातू आत जायचं तोंड. भट्टीपासून त्या तोंडापर्यंत मातीची पन्हळ उतरत गेलेली. पन्हळीशेजारी आत्या उकिडवी बसली होती आणि बोटानं चिरा चाचपत होती.

आत्या म्हणजे या घरातला थोरला जो दादा, त्याची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आली, ती स्वयंपाकघरात न जाता थेट भट्टीपाशी जाऊन बसली आणि तिथलीच झाली. धातूचं वजन तिच्याकडे, आच तिच्याकडे. साचा आणि आवाज दादाकडे. या घरात कामाची वाटणी अशीच होती. दादा कानानं विचार करायचा, आत्या तराजूनं.

"फुंकर, दम लागला का रे?" तिनं मधल्या भावाला विचारलं.

मधल्या भावाचं सगळं आयुष्य भाता ओढण्यात गेलं, म्हणून त्याला सगळे फुंकर म्हणत. तो कपाळ पुसत म्हणाला, "दम लागायला काय, आज थोडाच लागतोय? ही घंटा होणार, होणार, हे ऐकूनच लागलाय. मला तर वाटलं होतं, मी मेल्यावरच ओताल आणि पहिला ठोका माझ्याच नावानं द्याल."

"शुभ बोल की जरा!"

"शुभच बोलतोय. निदान ठोका तरी मिळाला असता."

दारात दादाचा मुलगा उभा होता, नव्या चपला भट्टीच्या राखेपासून जपत. त्यानं बाजारात नळांचं दुकान काढलं, त्या दिवसापासून फुंकरकाका त्याला नळ्या म्हणतो. तो म्हणाला, "आत्या, आज ओतताय ना नक्की? नाहीतर खड्डा बुजवायला माणसं सांगून ठेवलीत मी. बाबांनी मागच्या वर्षीच कबूल केलंय. या खेपेला झालं तर झालं, नाहीतर इथे माझं गोदाम."

"तुझे नळ ठेवायला आख्खा कारखाना?"

"नळ विकले तरी जातात गं आत्या."

हे लागलं. सगळ्यांनाच लागलं, आणि खरं होतं म्हणून जास्त लागलं. आत्यानं दादाकडे पाहिलं. तो पाठमोरा, भट्टीच्या तोंडाशी, धातूचा रंग बघत उभा. त्यानं ऐकलं नसावं. हल्ली तो बरंच ऐकायचा नाही, आणि का ऐकायचा नाही हे या घरात एकट्या आत्याला ठाऊक होतं.

आता ही मोठी घंटा कुठून आली ते सांगायला हवं. दादा तान्हा असताना नदीकाठी एक बुवा आले होते. गात-गात कथा सांगायचे. गळा असा, की ऐकणाऱ्यानं आपलं दुःख विसरून बुवांच्या राजाराण्यांची दुःखं घेऊन घरी जावं. दादाची आई, माई, लेकराला मांडीवर घेऊन अगदी पुढे बसली. कथेच्या मधोमध लेकरानं असा टाहो फोडला, की बुवा गायचे थांबले. म्हणाले, "बाई, या लेकराचा आवाज सात गावं ऐकतील!" माई उठली ती तरंगतच घरी आली. त्याच साली दादाच्या बाबांनी तिच्यासाठी एक लहानशी घंटा ओतली, दारावर टांगली, आणि माईनं ती रोज वाजवली. जेवायला चला म्हणून.

पण ते सात गावांचं वाक्य घरात राहिलं. पहिला घास दादाला, नवा सदरा दादाला. नदीच्या धक्क्यावर एक दगडी मनोरा आहे, त्याची वरची कमान जुन्या काळापासून रिकामी. धुकं पडलं की होड्या वाट चुकतात, काठ सोडून भलतीकडे जातात. दादा पोरवयात या खड्ड्यात उभा राहून भावंडांना सांगायचा, "त्या कमानीत माझी घंटा असेल. धुक्यात माणसं तिच्या आवाजावर घरी येतील." फुंकर आणि आत्या खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसायचे आणि तोंडाचा आ करून ऐकायचे. आत्याला अजून आठवतं, तेव्हा तिला वाटायचं, आपण इतके लहान आणि आपला भाऊ इतका मोठा, देवानं किती छान जुळवून आणलंय. मग वरून टिंग-टिंग आवाज यायचा आणि तो मोठा माणूस सगळ्यांच्या आधी ताटावर पळायचा.

पुढे दादानं खरंच साचा घडवला. आत मातीचा गाभा, वर मातीचं कवच. एका वाटीवर दुसरी मोठी वाटी उपडी घालावी तसं. दोन्हींच्या मधली पोकळी म्हणजे घंटा. पण दर वर्षी ओतायची वेळ आली की दादा साच्यात डोकं घालून टिचक्या मारायचा आणि म्हणायचा, "अजून जरा. आवाज अजून पुरा खुलत नाही." मग गाभा थोडा खरवडायचा, पुन्हा वाळवायचा, आणि वर्ष जायचं. अशी वर्षं गेली. बाबा गेले, मग माई गेली. माणसं मनोऱ्याकडे बघून हसायची, पण तोंडावर दादाला 'सात गावांचे शेट' म्हणून हाक मारायची.

पन्हळीला एक चीर सापडली. आत्या उठली आणि माती आणायला कोपऱ्यातल्या रांजणाकडे गेली. या घराचा एक नेम आहे: साच्याची खरवडलेली माती कधी फेकायची नाही. ती रांजणात जाते आणि पुढच्या साच्यात परत येते. आत्यानं झाकण काढलं आणि हात घातला.

हात आत गेलाच नाही. रांजण काठोकाठ भरलेला होता.

ती तशीच उभी राहिली. बारीक, गुळगुळीत, तडकू नये म्हणून घोड्याचे केस मिसळलेली माती. गाभ्याची. एका वर्षाची नाही; सगळ्या वर्षांची. दर वर्षीची 'अजून जरा' त्या रांजणात येऊन बसली होती. आत्यानं मूठभर माती उचलली आणि भट्टीकडे पाहिलं. कारण तिनं धातूचं वजन काढलं होतं ते पहिल्या मापावर, गाभा नवा होता तेव्हाच्या. गाभ्यावरची ही सगळी माती निघाली, म्हणजे पोकळी तेवढी वाढली. जिथून माती गेली, तिथे आता धातू लागणार.

आणि तेवढा धातू भट्टीत नव्हता.

दादानं सांगितलं नाही, कारण तो खरवडत होता आवाजासाठी. वजन त्याच्या डोक्यात कधी आलंच नाही. तिनं विचारलं नाही, कारण साच्यात तोंड घालायचं नाही हा नेम. दोघांनी आपापलं काम चोख केलं होतं आणि दोघांनी मिळून घोटाळा केला होता.

ती दादाच्या समोर गेली, त्याला तोंड दिसेल अशी उभी राहिली. "दादा, धातू कमी पडणार."

"किती?"

तिनं रांजणाकडे बोट दाखवलं. दादानं बघितलं. ओताऱ्याला याहून जास्त सांगावं लागत नाही. त्याचा चेहरा पडला तो असा, जशी ओली माती पडते.

"कुठवर येईल?" त्यानं हळूच विचारलं.

"खांद्यापर्यंत. वरचे कान भरणार नाहीत."

घंटा उपडीच ओततात, तोंड खाली, डोकं वर. धातू कमी पडला की डोक्यावरचे कान अपुरे राहतात, ज्यांच्या आधारानं घंटा टांगायची. कान नसलेली घंटा म्हणजे नुसतं मोठं पातेलं.

बातमी कारखानाभर झाली. दादाची बायको, वहिनी, पदराला हात पुसत दारात आली. "काय झालं? आता काय राहिलं?"

"धातू," फुंकर म्हणाला.

"अरे देवा! माझा तांब्याचा बंब घेतलात, माझे पाण्याचे हंडे घेतलेत. आता काय, मी जाऊन बसू त्या भट्टीत?"

"वहिनी, तुम्ही बसलात तर घंटा दिवसभर वाजेल, कुणी ओढायलाच नको," फुंकर म्हणाला.

वहिनी हसली नाही, पण तिच्या ओठाचा कोपरा हलला. नळ्या पुढे आला. जो इतका वेळ चपला जपत होता, तो राखेतून चालत आला, हे आत्यानं पाहिलं. "बाबा, दुकानात नळ आहेत. पितळेचे. पोतंभर आणतो, आत्ता. हातगाडी दारातच आहे."

दादानं त्याच्याकडे पाहिलं. मुलगा काय म्हणाला ते त्याला उशिरा उमगलं, आणि उमगल्यावर त्याचे डोळे मऊ झाले. "बाळा, पितळ नाही चालत रे. घंटेला कासं लागतं, तांबं आणि कथील. पितळ घातलं की घंटेला सर्दी होते."

"धातू तो धातूच की बाबा."

"नळात पाणी चालतं, म्हणून दूध चालेल का?"

भट्टी तेवढी गुरगुरत होती. शेवटी दादाच म्हणाला, आणि ते अगदी सहज म्हणाला. "राहू दे. पुढच्या वर्षी ओतू."

वहिनीनं सुस्कारा टाकला. फुंकरानं भात्याचा दांडा सैल सोडला. आत्यानं सगळ्यांचे चेहरे पाहिले. निराशा होती, पण निराशेच्या खाली एक आराम होता. जुनं पांघरूण पुन्हा अंगावर ओढून घेतल्यासारखा. दादाच्या चेहऱ्यावर तर सगळ्यात जास्त. न ओतलेली घंटा कधी बेसूर होत नाही. ती कमानीत टांगली गेली नाही, तर सात गावं कायम ऐकायला टपलेलीच राहतात.

"पुढच्या वर्षी कुठे?" आत्या म्हणाली. "नळांच्या पोत्यांत?"

"मी खड्डा नाही बुजवत," नळ्या घाईनं म्हणाला. "आणखी एक वर्ष... काय फरक पडतो?"

म्हणजे आता तोही तिकडे गेला. सगळे एका बाजूला, प्रेमानं, आणि आत्या एकटी दुसरीकडे.

"फुंकर, भाता सोडू नकोस," ती म्हणाली. "धातू आहे. दारावर आहे."

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. माईची घंटा. नारळाएवढी. वर्षानुवर्षं हात लागून तिच्या दोरीला चकाकी आली होती.

"ती नाही," दादा म्हणाला. त्यानं तिच्या बोटाच्या दिशेनं पाहूनच ओळखलं होतं. "वेडी झालीस का तू? ती बाबांच्या हातची आहे. माईची आहे. कानांपुरता धातू होईलही तिचा, पण ती नाही. मला सात गावांचा शब्द आहे, म्हणून मी काय आईचा आवाज वितळवू?"

"दादा, तो शब्द..." आत्या थांबली. शेवटच्या दुखण्यात माईनं तिला जवळ बोलावून सांगितलं होतं, आणि सांगताना खोकत-खोकत हसली होती: *तो आशीर्वाद नव्हता गं. लेकरू रडून कथा मोडत होतं, म्हणून बुवांनी मला टोमणा मारला. बाहेर ने म्हणाले. मी आपला घेतला पदरात बांधून.* आत्यानं ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

"टोमणा होता. ठाऊक आहे," दादा म्हणाला.

"तुला कुणी सांगितलं?"

"माईनंच. मिसरूड फुटलं तेव्हा. म्हणाली, मी खोटं बोलले, आता तू खरं कर." तो भट्टीकडे वळला. "करतोच आहे की. थोडं थांबून."

त्याची पाठ झाली. आत्या दारापाशी गेली. तिनं चकाकलेली दोरी हातात घेतली, क्षणभर डोळे मिटले आणि ओढली.

टिंग-टिंग, टिंग-टिंग.

फुंकरानं सवयीनं भाता सोडून हात झटकले. वहिनी म्हणाली, "अजून वेळ आहे जेवणाला!" आणि म्हणता-म्हणता दोन पावलं स्वयंपाकघराकडे गेलीसुद्धा. नळ्यानं मान वर केली, आणि त्याच्या तोंडावर एकदम लहानपण आलं. अंगणातला कुत्रादेखील उठून शेपूट हलवत आला.

दादा धातूचा रंग बघत उभा होता.

आत्यानं पुन्हा ओढली. जोरात. मग पुन्हा.

आता कुणीच हललं नाही. सगळे दादाच्या पाठीकडे बघत होते. वहिनीचा हात तोंडावर गेला. ती हल्ली कुरकुरायची, दहा हाका मारल्या तरी येत नाहीत जेवायला, मोठेपणा अंगात आलाय नुसता.

भात्याचा वारा थांबल्यानं धातूचा रंग उतरला, म्हणून दादा मागे वळला. "का रे थांबलात?" त्यानं विचारलं. मग त्याला चेहरे दिसले. मग दोरी दिसली, आत्याच्या मुठीत, अजून हलणारी.

"कधीपासून?" वहिनीनं विचारलं. मोठ्यानं, त्याच्यासमोर जाऊन.

दादा खुर्चीत बसावं तसा रांजणाच्या काठावर बसला. "बारीक आवाज आधी गेले," तो म्हणाला. "पाखरं गेली. मग ही गेली. जाड आवाज आहेत अजून. तुझी हाक येते कधी-कधी."

"कधी-कधी," वहिनी म्हणाली आणि तिनं त्याचा खांदा घट्ट धरला.

आत्या त्याच्यासमोर बसली, लहानपणी खड्ड्याच्या काठी बसायची तशी. "दादा, ही दारावर टांगलेली तुला ऐकू येत नाही. माई रोज बोलावते आणि तू येत नाहीस. तिला मोठ्या घंटेत घाल. जाड आवाजात येऊ दे तिला तुझ्यापर्यंत. पुढच्या वर्षी जाड आवाज तरी राहिलेत का, कुणी सांगितलंय?"

दादानं दाराकडे पाहिलं. मग त्यानं हात पुढे केला. नळ्यानं स्टुलावर चढून घंटा उतरवली आणि वडिलांच्या हातात दिली. दादानं ती कानाला नाही, कपाळाला लावली. मग ऐरणीवर ठेवली आणि घण उचलला.

"मी मारू का?" फुंकरानं विचारलं.

"नको. उशीर मी केलाय."

कासं ठिसूळ असतं. एका घावात ती फुटली, आणि फुटतानाही गोड फुटली. वहिनी तोंड फिरवून रडली. तुकडे भट्टीच्या तोंडाशी तापवून आत्यानं एक-एक करून आत सोडले; सोडताना ती देवाचं नाव घेत होती. फुंकर असा भाता ओढत होता, जसा तरुणपणी ओढायचा. नळ्यानं चपला काढून कोपऱ्यात फेकल्या आणि बापाच्या शेजारी उभा राहिला.

धातूला रंग चढला. आत्यानं मान हलवली. दादानं भट्टीचं बूच ठोकून काढलं, आणि तो लाल-पांढरा ओघ पन्हळीतून उतरत खड्ड्याच्या तोंडात शिरला. आतून गुडगुड आवाज येत राहिला. रिकामी घागर भरताना येतो तसा, पोकळ, मग भरीव, मग थांबला. तोंडाशी धातू वर आला, थरथरला आणि काठाला टेकून उभा राहिला.

"भरले," आत्या म्हणाली. "कान भरले रे, दादा!"

त्यानं ऐकलं नाही. पण तिचं तोंड दिसत होतं.

घंटा निवायला बरेच दिवस गेले. खणून काढली, घासली, आणि मग गावातले चार खांदे जोडून धक्क्यावर नेऊन कमानीत चढवली. पहिला ठोका कुणी द्यायचा यावर थोडी बाचाबाची झाली. फुंकर म्हणाला, माझ्या नावानं द्या, मी जिवंत असलो म्हणून काय झालं? शेवटी नळ्यानं दोरी धरली, आणि दादानं दोन्ही तळवे घंटेच्या अंगावर ठेवले.

तो आवाज मी तुम्हाला काढून दाखवू शकत नाही; माझा गळा तेवढा नाही. जाड होता, गरम होता, आणि अगदी शेवटी, विरताना, त्याच्या बुडाशी काहीतरी बारीक हलायचं. दादा डोळे मिटून उभा राहिला. मग म्हणाला, "जेवायला बोलावतेय." आणि खरंच मनोऱ्याच्या पायऱ्या उतरू लागला.

दुसऱ्या दिवशी एक नावाडी सांगत आला, पलीकडच्या काठापर्यंत ऐकू आलं, वरच्या वळणावरच्या वस्तीतही आलं, पण पुढे वारा उलटा होता.

फुंकरानं बोटांवर मोजलं. "म्हणजे धरून चला, अडीच गावं."

दादा कोपऱ्यात रांजणातली माती भिजवत होता. नळ्यानं त्याच्या कानाशी जाऊन ओरडून सांगितलं, "अडीच गावं, बाबा!"

"बरं झालं," दादा म्हणाला. "राहिलेली साडेचार पुढच्या घंटेला. चल, हात लाव मातीला."

दुपारी आत्या सवयीनं दारापाशी आली. हात वर गेला, आणि हाताला दोरी लागली नाही. ती जरा वेळ तशीच उभी राहिली. मग तिनं तोंडाभोवती तळवे धरले आणि साऱ्या कारखान्याला ऐकू जाईल अशी हाक मारली, "जेवायला चला रे!"

कधी नदीवर धुक्यात सापडलात आणि काठावरून तो आवाज आला, तर बापांनो, घंटा कुणी घडवली ते लोक सांगतीलच तुम्हाला. तुम्ही फक्त त्या दाराशी उभ्या असलेल्या बहिणीची आठवण ठेवा.